रुळांच्या बाजूला पाईप पडलेत ते कशाचे? (रुळालगतच्या सोसायट्यांसाठी माहिती)

आम्ही पाण्याच्या, ड्रेनेजच्या आणि केबलच्या लाईनी टाकतो. ठाणे-डोंबिवलीकडे रुळालगतच्या सोसायटीत साईट बघायला गेलो की कमिटीवाले हमखास विचारतात, ते पलीकडचे पाईप कोणाचे, चालू आहेत का बंद, आणि त्यातून आपली लाईन काढता येईल का. शेवटच्याचं उत्तर आधीच देतो, नाही येत.

नारिंगी किंवा काळे प्लास्टिकचे पाईप बहुतेक केबलचे असतात. नारिंगी, बाहेरून वळ्यावळ्यांचा जाड पाईप रिकामा वाटतो पण त्यात सिग्नलच्या, सांधे बदलणाऱ्या मशीनच्या केबली असू शकतात, आणि ४० मिमीच्या बारीक पाईपात ऑप्टिकल फायबर. हे फायबर नुसतं रेल्वेच्या फोनसाठी नाही बरं का, २००० साली सुरू झालेली रेलटेल ही रेल्वेचीच सरकारी कंपनी रुळाकडेच्या फायबरवरून बाहेर इंटरनेटही देते. त्यात तांबं नसतं तरी चोर कापतात, काय बोलणार. सिग्नलची केबल जेसीबीने तुटली तर सिग्नल हिरवा राहत नाही, लाल होतो, सिस्टीमच तशी बनवलेली असते, म्हणजे अपघात टळतो पण मागे लोकलची रांग लागते आणि मग केबल कोणी तोडली याची चौकशी सुरू होते.

लोखंडी पाईपची गोष्ट वेगळीय. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणारी वीज), आणि डीसीत रुळातून परत जाणारा करंट थोडा जमिनीत उतरतो, जवळचा लोखंडी पाईप धरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे पाईप गंजवून खातो. २०१६ ला हार्बर लाईनही २५,००० व्होल्ट एसीवर (दिशा बदलत राहणारी वीज) गेली, ती भानगड मिटली, पण एसीत दुसरी आली, गाडीच्या वरच्या विजेच्या तारेला समांतर लांबवर गेलेल्या लोखंडी पाईपमध्ये आपोआप व्होल्टेज तयार होतं. म्हणून तिथे अर्थिंग लागतं आणि म्हणूनच आम्ही रुळाशेजारी शक्यतो एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा पाईप सुचवतो, त्यात आमचा जास्त फायदा आहे म्हणून नाही.

मेल-एक्सप्रेसच्या प्लॅटफॉर्मला दोन रुळांच्या मधे नळ लावलेली लाईन दिसते ती डब्यांच्या टाक्या भरायला. लोकलला टॉयलेटच नाही, त्यामुळे नुसत्या लोकलच्या प्लॅटफॉर्मला ती दिसणार नाही.

आता तुमच्या कामाचं. पाण्याची किंवा ड्रेनेजची लाईन रुळाखालून न्यायची असेल तर ती म्यानातल्या तलवारीसारखी दुसऱ्या मोठ्या पाईपात घालावी लागते, त्याला केसिंग म्हणतात. आतली लाईन फुटली तरी पाणी केसिंगमधून बाजूला निघतं, रुळाखालची खडी-माती वाहून जात नाही, आणि रिपेअरला रूळ उकरावा लागत नाही. हे काम रेल्वेच्या परवानगीशिवाय होत नाही, त्याला वे-लीव्ह म्हणतात, नकाशे द्यावे लागतात, फी भरावी लागते आणि वेळ लागतो, कोणी म्हणालं की रात्रीत गुपचूप करून देतो तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

तुमच्या हद्दीत खोदतानासुद्धा कंपाउंडच्या कडेला ओएफसी (म्हणजे ऑप्टिकल फायबर केबल) लिहिलेला दगड दिसला तर थांबा, आम्हाला फोटो पाठवा. साईट बघायचे पैसे घेत नाही. आम्ही यायच्या आधी सोसायटीचा मूळ प्लॅन आणि जुन्या ड्रेनेजचा नकाशा असेल तर तेवढा काढून ठेवा.