कॉम्प्युटर कुठला घ्यायचा ते नंतर, आधी सॉफ्टवेअर काय खातं ते बघा

दहावी-बारावीचा निकाल लागला किंवा दुकानात नवीन मशीन घ्यायची वेळ आली की एकच प्रश्न येतो, आय-5 घेऊ का आय-7, आणि रॅम किती टाकू. याचं उत्तर कॉम्प्युटरकडे बघून देताच येत नाही हो. त्याच्यावर काय चालवणार, आणि जे चालवणार त्यात किती मोठं काम करणार, हे दोन प्रश्न आधी. कारण अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर या एका नावाखाली साधा कॅल्क्युलेटर पण येतो आणि लग्नाचा दोन तासांचा 4के व्हिडिओ एडिट करणारं सॉफ्टवेअर पण येतं, आणि दोघांची भूक एकमेकांशी कुठेच जुळत नाही.

एमएस-सीआयटीला बसलेल्या सगळ्यांनी प्रकार पाठ केलेले असतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड हे सिस्टिम सॉफ्टवेअर, म्हणजे मशीन चालवणारं. आणि वर्ड, एक्सेल, टॅली, फोटोशॉप, ब्राउझर, गेम हे अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे तुमचं काम करणारं. बरोबरच आहे ते, पण त्या यादीवरून खरेदी करता येत नाही. मला विचाराल तर प्रकार पाडायचे ते सॉफ्टवेअर नक्की कशावर ताण देतं त्यावरून. ताण पडायच्या जागा मोजक्याच आहेत, प्रोसेसर (आकडेमोड करणारा), रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा), डिस्क (फाइल कायम ठेवायची जागा), ग्राफिक्स कार्ड (चित्रं-व्हिडिओ हाताळणारं) आणि नेट. यातली जी जागा आधी भरते तिथे काम अडतं, बाकीच्या चार कितीही भारी असल्या तरी.

आणि कंपनीच्या साइटवर जी 'मिनिमम रिक्वायरमेंट' लिहिलेली असते ती वाचताना एक लक्षात ठेवा, तिचा अर्थ एवढाच की सॉफ्टवेअर इन्स्टॉल होईल आणि उघडेल. त्यात तुमची फाइल धरलेली नसते. 'रेकमेंडेड' म्हणून जे लिहितात ती खरी सुरुवात समजायची.

आता हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून सुरू करू, कारण टॅली किंवा तसलं काहीतरी आपल्याकडे गावोगाव आहे आणि जीएसटी 1 जुलै 2017 ला आल्यापासून तर छोट्या दुकानातही आलंय. या कामाला प्रोसेसर फार लागत नाही, बेरीज-वजाबाकी कुठलाही प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्डचा तर संबंधच नाही. इथे अडते ती डिस्क. वर्षभराची व्हाउचर्स काढायची म्हणजे डिस्कवर इकडून तिकडून छोटे छोटे तुकडे वाचायचे. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या, एका फेरीला 8 मिलिसेकंदांपेक्षा थोडं जास्त, त्यामुळे हवा तो तुकडा खाली यायला सरासरी 4 मिलिसेकंद थांबावं लागतं आणि वाचणारी सुई योग्य जागी सरकायला आणखी 8-9. असं करत करत ती सेकंदाला 75-80 तुकडे वाचते, बस. एसएसडी म्हणजे चिपवाली डिस्क, तिच्यात काही फिरतच नाही त्यामुळे ती तेच तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. म्हणून जुन्या आय-3 मध्ये एसएसडी टाकली की माणसाला वाटतं मशीनच बदलली, आणि हार्ड डिस्कवाला नवा आय-7 मात्र लेजर म्हणजे खातेवही उघडताना तसाच घरघरत बसतो. मी तरी अकाउंटवाल्या कुणालाही प्रोसेसरचे पैसे वाचवून एसएसडी आणि यूपीएस घ्यायलाच सांगतो. हो, यूपीएससुद्धा रिक्वायरमेंटच आहे, एंट्री सेव्ह होत असताना लाइट गेली की डेटा बिघडू शकतो आणि मग 'रिराइट' (टॅलीतली डेटा दुरुस्त करायची सोय) मारत बसावं लागतं, जुन्या टॅलीवाल्यांना हे सांगायला नको.

दुसरं टोक म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस, दहीहंडी, गणपती, निवडून आल्याबद्दल अभिनंदन, वर नेत्यांचे फोटो, खाली कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांच्या रांगा, हे सगळं कुठल्यातरी छोट्या दुकानात फोटोशॉपमध्ये बनतं आणि तिथे रोज कुणीतरी म्हणत असतं की मशीन हँग झाली. आपण गणितच करून बघू. 10 बाय 6 फुटांचा फ्लेक्स म्हणजे 120 बाय 72 इंच. मुलाने नवीन फाइल उघडताना शिकवल्याप्रमाणे रिझोल्युशन 300 टाकलं, म्हणजे इंचाला 300 ठिपके, तर हे ठिपके म्हणजे पिक्सेल झाले 36,000 गुणिले 21,600, म्हणजे 77 कोटी 76 लाख. छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे चार शाईंचा रंगप्रकार, ठेवलं की प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट, झाले 3.1 जीबी. हे फक्त एका भरलेल्या लेअरचं, म्हणजे चित्राच्या एका थराचं हं! त्याच्यावर बॅकग्राउंडचा आणखी एक लेअर, सावली, ग्लो, शिवाय अंडू करता यावं म्हणून फोटोशॉप मागच्या पायऱ्या लक्षात ठेवतो ते वेगळंच. 8 जीबी रॅम दोन लेअरमध्ये संपली. आणि एवढं करून साधी पीएसडी फाइल सेव्हसुद्धा होणार नाही, कारण पीएसडीला कुठल्याही बाजूने 30,000 पिक्सेलची आणि एकूण 2 जीबीची मर्यादा आहे, त्याच्यापुढे पीएसबी नावाचा वेगळा प्रकार वापरावा लागतो.

आता तोच फ्लेक्स 72 वर करा. 8,640 गुणिले 5,184, म्हणजे साधारण 4 कोटी 48 लाख पिक्सेल, लेअरला 179 एमबी. सतरा पट कमी! रस्त्यावरचा फ्लेक्स आपण दहा-पंधरा फुटांवरून बघतो, हातात धरून नाही, त्यामुळे 72 ला तो मस्त दिसतो. नवीन मशीनला खर्च न करता काम सतरा पट हलकं झालं. आणि अक्षरं, लोगो, बॉर्डर कोरल ड्रॉमध्ये केली तर आणखी हलकं, कारण कोरल पिक्सेल साठवत नाही, तो रेषा कुठून कुठे जाते त्याचं गणित साठवतो, मग ते व्हिजिटिंग कार्ड असो की चार मजली होर्डिंग, फाइल जवळपास तेवढीच राहते.

रॅम संपली की मशीन बंद पडत नाही, हँग होते, याचं पण कारण आहे. जागा संपली की सिस्टिम रॅममधला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते, फोटोशॉप तर स्वतःची वेगळी स्क्रॅच डिस्क वापरतो. रॅममधून काही आणायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरून साधारण 10 मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट. पहिल्याला एक सेकंद धरला तर दुसऱ्याला सव्वा दिवसाच्या आसपास. तो पांढरा पडलेला स्क्रीन आणि 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणजे बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

व्हिडिओचा मामला पुन्हा निराळा. फुल एचडीची एक फ्रेम उघडली की 1920 गुणिले 1080 गुणिले 3 बाइट, 6.2 एमबी, आणि अशा सेकंदाला 25, म्हणजे 155 एमबी दर सेकंदाला. 4के असेल तर चौपट. पण मोबाइलमधली फाइल तर सेकंदाला 2-3 एमबीच असते, मग बाकीचं कुठे गेलं? ते दाबलेलं असतं, बहुतेक फ्रेममध्ये पूर्ण चित्र नसतंच, मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. बघताना याचा काही त्रास नाही कारण आपण ओळीने पुढे जातो, पण एडिटिंग करताना तुम्ही टाइमलाइनवर मध्येच कुठेतरी क्लिक करता आणि बिचाऱ्या मशीनला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत मागे जाऊन तिथून सगळं उलगडत यावं लागतं. म्हणून इथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड खरोखर लागतं, त्यातही ते कार्ड तुमच्या कॅमेऱ्याचा फॉरमॅट हार्डवेअरमध्ये उलगडतं का हे बघायचं. बजेट नसेल तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे हलक्या नकलेवर एडिट करायचं आणि शेवटी मूळ फाइलवरून एक्सपोर्ट.

काही वेळा मशीन पुरून उरते पण सॉफ्टवेअरच चुकीच्या जातीचं असतं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मध्ये कोविडच्या 15,841 केसेस रोजच्या आकड्यांतून गळाल्या होत्या, कारण लॅबमधून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये भरला जात होता आणि त्यात 65,536 च्या पुढे ओळी मावतच नाहीत. नव्या फॉरमॅटमध्ये 10,48,576 मावतात. ज्यांची टेस्ट झाली त्यांना रिझल्ट मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम लांबलं, साथीच्या दिवसांत. एक्सेल वाईट नाही, उलट माझ्या मते माणसाने बनवलेल्या सगळ्यात उपयोगी अ‍ॅप्लिकेशनपैकी आहे, पण ते एका माणसाने समोर बसून आकडेमोड करायला आहे. रोज वाढणारा आणि अनेक ठिकाणांहून येणारा डेटा ठेवायला डेटाबेस असतो, तो मावलं नाही तर गुपचूप कापत नाही, एरर देतो. सोसायटीचा मेंटेनन्स एक्सेलमध्ये ठीक, पण पतसंस्थेची खाती तिथे ठेवू नका.

आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक रिक्वायरमेंट अशी आहे जी खोक्यावर कधीच छापलेली नसते. आपल्याकडे डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं मांडायचं, सगळं जग वर्षानुवर्षं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीसारख्या फॉन्टवर चाललं. त्यात फाइलमध्ये मराठी नसायचंच, इंग्रजी अक्षरांचेच कोड असायचे आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवर तोच फॉन्ट नसेल तर पानभर अगम्य चिन्हं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले कोड देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःच्या 128 जागा आहेत, पण त्यातून दुसरी गरज तयार होते. 'क्षि' घ्या. आपल्याला एक अक्षर दिसतं, आत चार कोड असतात, क, हलन्त, ष आणि वेलांटी, यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत मिळून 12 बाइट. वेलांटी साठवलेली शेवटी आणि दाखवायची सगळ्यात आधी, क आणि ष यांचं जोडाक्षर करायचं, हे काम करणारं शेपिंग इंजिन सॉफ्टवेअरच्या आत असावं लागतं. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिसमध्ये हार्फबझ नावाचं इंजिन आहे आणि ते छान काम करतं. पेजमेकरमध्ये असं काही नव्हतंच. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे पण 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात आणि लोक म्हणतात युनिकोड खराब आहे. खराब नाही हो, सेटिंग राहिलंय!

यातली सगळ्यात मराठी अडचण म्हणजे 'दुसऱ्या' मधला अर्धा र. तो दोन पद्धतीने टाइप करता येतो, एकतर ऱ हे वेगळं अक्षर, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. कागदावर दोन्ही सेम टू सेम, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द, त्यामुळे तुम्ही एका पद्धतीने टाइप करून शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. मोठं पुस्तक चार जणांनी मिळून टाइप केलं असेल तर आधी हे एकसारखं करून घ्या, मग शोधा आणि बदला. मराठीसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे स्वतःहून सांभाळायला हवं, ही काही फार मोठी मागणी नाही.

आता बरीच कामं ब्राउझरमध्येच होतात, तिथे लोकांना वाटतं मशीन कुठलीही चालेल कारण सगळं सर्व्हरवर आहे. अर्धंच खरं. क्रोमने 2018 पासून वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून, ठेवायला सुरुवात केली, एका साइटला दुसरीची माहिती चोरता येऊ नये म्हणून, आणि त्या सुरक्षिततेची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. मोबाइल अ‍ॅपच्या गरजा तर अजून वेगळ्या, यूपीआय अ‍ॅप सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं, कारण अ‍ॅप तिथून एसएमएस पाठवून खात्री करतं. फोन लाखाचा असला तरी सिम दुसऱ्या फोनमध्ये असेल तर काम होत नाही. एआय मॉडेल घरच्या मशीनवर चालवायचं खूळ आता आलंय, त्याचा हिशेब सोपा आहे, 700 कोटी पॅरामीटर (मॉडेलच्या आतले आकडे) गुणिले 2 बाइट म्हणजे 14 जीबी, 4 बिटांवर आणलं तर साडेतीन, आणि हे शक्यतो ग्राफिक्स कार्डच्या मेमरीत मावलं पाहिजे.

विंडोज 11 मुळे तर चांगल्या चालत्या मशीन बाद ठरल्या, रॅम 4 जीबीच लागते पण टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर हवा, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. फक्त टायपिंग, ब्राउझर आणि पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर अशी मशीन भंगारात घालू नका, लिनक्स टाकून लिब्रेऑफिसवर ती आणखी बरीच वर्षं चालते. टॅली किंवा फोटोशॉप मात्र त्यावर थेट चालत नाही, हे आधी बघून घ्या.

आणि नवीन घ्यायच्या आधी आहे त्या मशीनवर रोजचं सगळ्यात जड काम उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स वर जा आणि पाचेक मिनिटं काम करत करत बघा. मेमरी नव्वदच्या वर चिकटून बसली असेल तर आधी फाइलचं रिझोल्युशन तपासा, मग रॅम वाढवा. डिस्क शंभरला आणि बाकी सगळं निवांत असेल तर एसएसडी. प्रोसेसरचा एकच कोर, म्हणजे आतला एक स्वतंत्र भाग, भरलाय आणि बाकीचे रिकामे असतील तर जास्त कोरवाला घेऊन उपयोग नाही, एकेक कोर जोरात चालणारा बघा. आणि काहीच भरलेलं नसताना काम अडत असेल तर नेट तपासा.