रेंज फुल, मग वेळ कोण खातं?

"रेंज तर फुल दाखवतंय, मग नेट का चालत नाही?" घरात चार जण एकाच वेळी काहीतरी बघायला बसले की हा प्रश्न येतोच. त्यावरचा उपायही ठरलेला असतो, नवा राउटर घ्या. खोक्यावर ३००० असा दणदणीत आकडा बघून राउटर घरी येतो, लागतो, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ त्याच खोलीत पुन्हा गोल गोल फिरायला लागतो. हे इतक्यांदा पाहिलं आहे की एकदा नीट लिहावंसं वाटलं.

आधी त्या ३००० बद्दल. ही बहुतेक वेळा दोन पट्ट्यांच्या, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन वेगळ्या टप्प्यांच्या, वेगांची बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर २४०२ मेगाबिट प्रतिसेकंद, दोन्ही कागदावरचे कमाल वेग. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असेल तर ही बेरीज त्याला कधीच मिळणार नाही. शिवाय ५ गिगाहर्ट्झवरचा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलसाठी (चॅनल म्हणजे पट्ट्यातली एक मार्गिका) असतो आणि कित्येक फोन ८० वरच थांबतात. तिथेच तो निम्मा होतो.

पण आकड्यांची फुगवाफुगवी ही किरकोळ गोष्ट झाली. खरी गंमत हवेत आहे. वायफायमध्ये वाटून घ्यायची गोष्ट म्हणजे वेळ. एका चॅनलवर एका क्षणी एकानेच बोलायचं, असा साधारण नियम आहे. त्यात तुमचा फोन, टीव्ही, राउटर आणि त्याच चॅनलवर असलेला शेजाऱ्यांचा राउटर, सगळे आले.

दोघं एकदम बोलले तर? जुन्या तारेच्या जाळ्यात यंत्राला बोलता बोलता टक्कर कळायची. रेडिओत तसं जमत नाही. राउटर साधारण १०० मिलिवॉटने बोलतो, तर त्याच्यापर्यंत येणारा फोनचा आवाज नॅनोवॉटच्या घरात असतो. हा फरक १० कोटी पटींचा आहे. कानाशी भोंगा वाजत असताना दूरची कुजबुज ऐकू येईल का? म्हणून टक्कर ओळखायचा नाद सोडून ती टाळायची युक्ती काढली गेली.

या युक्तीची पूर्वज १९७१ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेली अलोहानेट. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या या जाळ्यात ज्याला बोलायचं असेल त्याने सरळ बोलायचं. टक्कर झाली तर जरा वेळाने पुन्हा. गणित सांगतं की अशा मोकाट पद्धतीत चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. वायफायने त्यात शिस्त आणली. आधी ऐका. ३४ मायक्रोसेकंद पूर्ण शांतता दिसली की मनातल्या मनात ० ते १५ मधला कुठलाही एक आकडा उचला. दर ९ मायक्रोसेकंदाला त्यातून एक वजा करा. मध्येच दुसऱ्याने बोलायला सुरुवात केली तर मोजणी थांबवा, तो गप्प झाला की राहिली तिथून पुढे. शून्य आलं की बोला. समोरून पोच आली तर ठीक. नाही आली तर टक्कर झाली असं समजा आणि पुढचा आकडा ० ते ३१ मधून उचला. पुन्हा फसलं तर ० ते ६३, असं करत थेट १०२३ पर्यंत. गर्दी वाढेल तसा प्रत्येक जण आपणहून जास्त थांबतो.

मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते. कुणी पंच नाही, रांगेचा क्रमांक वाटणारा नाही. मूळ नियमात तर राउटरलाही अग्रहक्क नव्हता, तोही इतरांसारखाच आकडा उचलून थांबायचा. एकमेकांना न ओळखणारी अब्जावधी यंत्रं जगभर हा संयम पाळताहेत आणि त्यामुळेच आपला निरोप पोचतो.

या शिस्तीची किंमत मात्र मोजावी लागते. थोडा हिशेब करू. इंटरनेटवर माहिती तुकड्या-तुकड्यांनी जाते, त्यातला एक तुकडा म्हणजे पाकीट. ते साधारण १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटचं. ३०० मेगाबिटच्या वेगाने ते पाठवायला ४० मायक्रोसेकंद लागतात. पण आधीची शांतता ३४, आकडा मोजण्यात सरासरी ६७, पाकिटाच्या सुरुवातीची ओळखखूण, मग पोच; हे सगळं मिळून ढोबळमानाने १९० मायक्रोसेकंद होतात. ४० चं काम आणि १९० ची तयारी! म्हणजे हातात येणारा वेग ३०० नव्हे, सुमारे ५२. आता वेग दुप्पट, ६०० केला तर? कामाचे ४० चे २० होतील, तयारीचे १९० तसेच राहतील. ५२ चे ५७ होतील, बस.

आता त्याच घरात टोकाच्या खोलीत एक फोन आहे. भिंतींमुळे सिग्नल क्षीण, म्हणून तो चुका टाळायला सावकाश, ६ मेगाबिटने बोलतोय. त्याचं तेवढंच पाकीट २००० मायक्रोसेकंद हवा अडवतं. संधी मात्र त्याला आणि राउटरजवळ ३०० ने बोलणाऱ्या लॅपटॉपला सारखीच मिळते, एक पाकीट तुझं, एक माझं. दोघांची तयारी धरून एका फेरीला २४२० मायक्रोसेकंद लागतात आणि राउटरच्या शेजारी बसलेल्या वेगवान लॅपटॉपला मिळतात अवघे ५ मेगाबिट. त्याची रेंज फुल आहे, त्याच्यात काहीही बिघाड नाही. वेळ दुसऱ्या खोलीतल्या फोनने खाल्ला.

अभियंत्यांना हे अर्थातच ठाऊक होतं. २००९ च्या मानकाने (आज त्याला वायफाय ४ म्हणतात) अनेक पाकिटांची मोट बांधून, ६५,५३५ बाइटपर्यंत एका दमात पाठवायची सोय केली. तयारी एकदाच, माल भरपूर. वायफाय ६ ने चॅनलचेच बारीक तुकडे पाडून एकाच क्षणी अनेक यंत्रांशी बोलायची सोय आणली. काही राउटर पाकिटांऐवजी वेळ समान वाटतात, त्याला एअरटाइम फेअरनेस म्हणतात. माझ्या मते खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हव्यात त्या याच गोष्टी. त्याऐवजी जाहिरात होते ती कमाल वेगाची. वायफाय ५ ते ६ मध्ये एका संकेतात बसणारे बिट ८ वरून १० झाले, वायफाय ७ मध्ये १२. म्हणजे त्यातून वाढ अनुक्रमे २५ आणि २० टक्के, आणि तीही राउटरच्या अगदी जवळ, सिग्नल स्वच्छ असतानाच.

मग राउटर बदलायचा कधी? आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा. तिथेच कमी असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कनेक्शन बघा. एक अपवाद आहे. कनेक्शन मोठं घेतलंय, पण केबलवरही मोजणी ९४-९५ मेगाबिटच्या पुढे सरकतच नाही, तर राउटरचं पोर्ट (केबल लावायची खाच) १०० मेगाबिटचं असण्याची दाट शक्यता आहे. असा राउटर खुशाल बदला.

केबलवर वेग चांगला असेल तर केबल काढा आणि त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर मोजा. इथेही समाधानकारक, पण आतल्या खोलीत पडतो? मग दोष भिंतींचा आणि जागेचा आहे. अशा वेळी महागडा राउटर आणणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. राउटर लोखंडी कपाटातून बाहेर काढा, घराच्या मध्यावर उंच ठेवा. तरीही भागत नसेल तर आतल्या खोलीत केबल नेऊन तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारं आणखी एक यंत्र) लावा. केबलऐवजी साधा रिपीटर लावला तर तो प्रत्येक पाकीट एकदा ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो. हवेतला वेळ दुप्पट खर्च होतो, वेग निम्म्यावर येतो. वरचा हिशेब समजला असेल तर हे सांगावंही लागणार नाही.

जवळ बसूनही वेग कमी असेल तरच राउटरच्या वयाकडे बघा. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल तर बदलाच, कारण त्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि ते शेजाऱ्यांनी भरलेले असतात. वायफाय ५ चा राउटर आणि पाच-सात यंत्रं असतील तर घाई नको. यंत्रं वीस-पंचवीस झाली आणि त्यातली बरीच वायफाय ६ ची असतील तर नव्या राउटरचा फरक जाणवेल. सगळे फोन जुने असतील तर जवळजवळ जाणवणार नाही, कारण चॅनल वाटून बोलायची भाषा दोन्ही बाजूंना यावी लागते. ६ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा मिळतो, पण तुमच्या देशाच्या नियमांत तो खुला हवा, फोनला तो कळायला हवा, आणि भिंती त्याला जास्त अडवतात. वेगाशी संबंध नसलेलं एक कारण मात्र मी सगळ्यांत वर ठेवेन. कंपनीने सुरक्षेचे अपडेट बंद केले असतील तर राउटर चालत असला तरी बदलावा.

वायफायच्या लहरींनी अपाय होतो या भीतीपोटी राउटरवर चिकटवायचे "रेडिएशन शोषणारे" स्टिकर येतात. ते घेऊ नका. वायफायच्या फोटॉनची (लहरीतल्या ऊर्जेच्या सगळ्यांत लहान पुडीची) ऊर्जा साध्या उजेडाच्या फोटॉनपेक्षा लाखभर पटींनी कमी असते, रेणूंचे बंध तोडणं तिच्या आवाक्यात नाही. आणि स्टिकरने लहरी खरोखरच शोषल्या असत्या तर पहिल्यांदा तुमचं नेट बंद पडलं असतं.

काहीही विकत घेण्याआधी, शक्य असेल तर, टीव्ही आणि टेबलावरचा कॉम्प्युटर केबलवर टाका. ही यंत्रं जागची हलत नाहीत आणि तासन्‌तास हवा अडवून बसतात. ती तारेवर गेली की त्यांचा सगळा वेळ मोकळा होतो आणि फोनवर मोजलेला वेग बऱ्याच घरांत त्याच संध्याकाळी वाढलेला दिसतो.