संकल्पाला वेळ द्या, ठिकाण द्या

नव्या वर्षाचे संकल्प टिकतच नाहीत, असे आपण सहज म्हणून जातो. स्वीडनमधल्या संशोधकांना 2017 साली वेगळे दिसले. त्यांनी हजारावर लोकांचे संकल्प वर्षभर तपासले, आणि निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी वर्षअखेर ‘जमलं’ असे सांगितले. ही लोकांनी स्वतःच दिलेली माहिती आहे, हे लक्षात ठेवायला हवे. पण त्यातला एक फरक मला फार मोलाचा वाटतो. काहीतरी नवे करण्याचा संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे 59 टक्के यशस्वी झाले. काहीतरी टाळण्याचा संकल्प करणाऱ्यांपैकी सुमारे 47 टक्के. म्हणजे ‘गोड खाणार नाही’ यापेक्षा ‘चार वाजता भूक लागली की फळ खाईन’ हे जमण्याची शक्यता जास्त.

या दुसऱ्या वाक्यात आणखी एक गोष्ट दडली आहे: केव्हा, ते ठरलेले आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी याच मुद्द्यावर अनेक वर्षे काम केले. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची पूर्वसंध्या कशी घालवली, ते 48 तासांत लिहून पाठवायचे होते. निम्म्या विद्यार्थ्यांकडून ते कधी आणि कुठे बसून लिहिणार, एवढेच आधी ठरवून घेतले. त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेळेत लिहून पाठवले. बाकीच्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणांनी. सणाची गडबड दोघांकडे सारखीच होती. वेळ आणि जागा आधी ठरली असली, की ती समोर येताच काम आपोआप आठवते. ऐन वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

म्हणून ‘व्यायाम करीन’ असे न लिहिता ‘सकाळचा चहा झाला की बूट घालून वीस मिनिटे चालून येईन’ असे लिहावे. वीस मिनिटे जड वाटत असतील तर दहा. उद्दिष्ट लहान ठेवण्यात कमीपणा मुळीच नाही.

आता राहिला सवयीचा प्रश्न. 21 दिवसांत सवय लागते, हे सगळीकडे ऐकू येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर हे तपासले. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच नवी गोष्ट निवडली आणि ती रोज ठरलेल्या प्रसंगीच करायची, असे ठरले. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ कुणासाठी 18 दिवस, तर कुणासाठी गणिताने काढलेल्या अंदाजाप्रमाणे 254 दिवस निघाला. मधला आकडा 66. जेवताना पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला जास्त वेळ लागला. तेव्हा जानेवारी संपतानाही चालायला जाणे कष्टाचे वाटत असेल, तर त्यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधू नका.

याच अभ्यासात असेही दिसले, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. लग्नाला गावी गेलात, ताप आला, तर पुढच्या सकाळच्या चहानंतर पुन्हा बूट घालावेत. आणि 1 जानेवारी हुकलीच, तर गुढीपाडवा आहे, नाहीतर येणारा सोमवार आहे. आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला माणसे नव्या जोमाने कामाला लागतात, हे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात दिसले आहे.