भाचीची चिठ्ठी आणि धुक्यातला चढ

गणपतीत गुहागरला घरी सगळी जमली होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि भाचीने माझ्या हातात पानभर चिठ्ठी ठेवली. भाषा मराठीच, पण रोमन लिपीत, मध्ये कुठे स्पेस नाही, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी तिने दुसरंच अक्षर ठरवून टाकलेलं. "मामा, तुझ्या लॅपटॉपला सुटतंय का बघ."

सगळ्या चाव्या, म्हणजे कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं याच्या सगळ्या जुळण्या, लावून बघू म्हणाल तर ते विसरा. 26 अक्षरांची अदलाबदल 4 वर 26 शून्यं इतक्या प्रकारे होते, सेकंदाला 100 कोटी चाव्या तपासल्या तरी साधारण 1280 कोटी वर्षं लागतील. पण नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने यातली फट दाखवून ठेवलीय: अक्षराचं सोंग बदललं तरी ते किती वेळा येतं ते बदलत नाही.

प्रोग्राम तीच फट धरतो. कुठलीही एक चावी घ्यायची, त्यातली दोन अक्षरं आपसात बदलायची आणि निघालेल्या मजकुराला मार्क द्यायचे. मार्क कसे, तर चार-चार अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि असे तुकडे खऱ्या मजकुरात किती सापडतात ते बघायचं. मार्क वाढले तर नवी चावी, नाहीतर जुनीच, असं हजारो वेळा. याला हिल क्लायंबिंग म्हणतात, आणि ते खरंच पावसाळ्यात धुक्यातून घाट चढण्यासारखं आहे, पाऊल वर पडतंय एवढंच कळतं. मधल्याच टेकाडावर पोचलो की चारी बाजूंनी उतार, वाटतं हाच माथा. म्हणून प्रोग्राम दरवेळी नव्या चावीपासून पुन्हा पुन्हा चढतो आणि सगळ्यात उंच जागा धरतो.

तरी माझ्याकडे नुसता कचरा येत होता. मग लक्षात आलं, नमुना म्हणून मी इंग्लिश मजकूर दिला होता! इंग्लिशमध्ये 'ई' सगळ्यात जास्त, रोमन मराठीत 'ए', कारण आपला अ आणि काना दोन्ही त्यातच जातात. प्रोग्रामला अर्थ कळतच नाही, कुठलं अक्षर कुणाच्या शेजारी बसतं एवढंच कळतं, आणि तो शेजार प्रत्येक भाषेचा वेगळा, मला हे फार भारी वाटतं.

घरच्या ग्रुपवरचे जुने मेसेज नमुना म्हणून दिले आणि काही सेकंदांत ओळ उमटली, 'वणसपोळी कणगीच्या मागे आहे'. 'एफ' चिठ्ठीत एकदाच आला होता, त्यामुळे तो 'डब्ल्यू'शी अदलाबदल होऊन बसला होता. ते अक्षर आईने वाचता वाचताच दुरुस्त केलं, आणि भाची तोवर कणगीकडे पळाली होती.