ओवा, लवंग आणि पाइपातला चिकटा

मी कोल्हापूरजवळच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये होतो तेव्हाची गोष्ट, डेअरीचं नाव नको. पिशवीतलं दूध एक्सपायरीच्या आधीच नासायला लागलं. टँकरचं दूध चांगलं, एमबीआरटी (दुधात जिवाणू किती ते रंगावरनं सांगणारी टेस्ट) चांगली, पाश्चरायझरचा तापमानाचा चार्ट सरळ, सीआयपी, म्हणजे पाइप न खोलता आतनं धुणं, रोज झालेलं, तरी संध्याकाळी तक्रारीचे फोन सुरूच. शेवटी फिटरनं पॅकिंग मशीनच्या अलीकडचा एक जॉइंट खोलला आणि आतलं गॅस्केट, म्हणजे जॉइंटमधली रबरी रिंग, हातावर ठेवलं. कडेला केसाएवढी भेग, त्यावर पिवळट थर, बोट फिरवलं तर बुळबुळीत आणि वास असा की त्या दिवशी डबा खाल्ला नाही. हीच बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंनी बांधलेला चिकट थर. पंचगंगेच्या घाटावर पायरीवरनं पाय घसरतो ना, त्यातलाच प्रकार, फक्त हा स्टीलच्या आत बसलेला आणि कुणाला न दिसणारा.

हल्ली रोज कुणीतरी फॉरवर्ड पाठवतंय, की असला चिकटा काढायला लवंग तेल नाहीतर ओव्याचं तेल वापरा, केमिकल बंद करा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. पूर्वजांना बरंच ठाऊक होतं हे खरं, पण ही गोष्ट इतकी सरळ नाही, म्हणून जरा मागनं सुरुवात करतो.

हा थर पहिल्यांदा बघितला स्वतः भिंगं बनवणाऱ्या लेव्हेनहूकनं, हॉलंडमध्ये, आणि तोही स्वतःच्या दातावर. गडी रोज मिठानं दात घासायचा, तरी दातांच्या फटीत पांढरं काहीतरी राहायचं, ते काढून त्यानं भिंगाखाली धरलं तर आत जीव वळवळत होते. 1684 मध्ये छापून आलेल्या पत्रात त्यानं एक फार मोलाची गोष्ट लिहिलीय. व्हिनेगारनं चूळ भरली तर थराच्या वरवरचे जीव मेले, आतले मेले नाहीत, कारण व्हिनेगार आत पोचलंच नाही. आमच्या गॅस्केटचं दुखणं अगदी हेच होतं. म्हणजे रोग तीनशे वर्षांपूर्वीच सापडला होता, पण त्याकडं नीट बघायला विसावं शतक उजाडलं.

मधल्या काळात सूक्ष्मजीवशास्त्र वाढलं ते बाटलीतल्या सूपवर. एकाच जातीचे जिवाणू पातळ रसात तरंगत ठेवायचे, औषध घालायचं, मेले का बघायचं. चिकटून बसलेल्यांचा विचार फारसा नाहीच. साखरवाल्यांना मात्र चिकटा आधीपासून छळत होता. युरोपातल्या बीटच्या कारखान्यांत रसात बेडकाच्या अंड्यांसारखे गिळगिळीत गोळे व्हायचे आणि पाइप तुंबायचे. 1878 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फान टीगेमनं त्या जिवाणूला ल्युकोनोस्टॉक हे नाव दिलं. आपल्याकडंही तोच पाहुणा आहे, तोडलेला ऊस गाडीत वाळत पडला की तो साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतो, रस घट्ट होतो, साखरेचा दाणा लांबट पडतो. कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरची लाइन लागली की तोटा निव्वळ वजनातच होतो असं समजू नका.

पुढं 1943 मध्ये झोबेल या शास्त्रज्ञानं समुद्राच्या पाण्यावर काम करताना दाखवलं की बाटलीतले जिवाणू पाण्यापेक्षा काचेला चिकटून जास्त जोमानं वाढतात. आणि 1978 मध्ये कॉस्टर्टन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या मंडळींनी ठासून सांगितलं की निसर्गात बहुतेक जिवाणू असे चिकटूनच राहतात, स्वतःभोवती साखरेच्या साखळ्या, प्रथिनं असला लगदा करून. त्या लगद्यात केमिकल लवकर शिरत नाही, आणि आतले जिवाणू सुस्त पडलेले असतात म्हणून त्यांना मारणंही अवघड.

तोवर डेअऱ्या बदलल्या होत्या. पूर्वी पाइप रोज खोलून ब्रशनं घासायचे. 1950 च्या दशकात अमेरिकेत वेल्डिंग केलेले स्टीलचे पाइप आणि सीआयपी आली, म्हणजे न खोलता आतनंच कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग नायट्रिक ॲसिड फिरवायचं. कॉस्टिक साधारण एक ते दोन टक्के, सत्तर-ऐंशी डिग्री गरम. सोय झाली हे मान्य, पण त्या दिवसापासून आत काय चाललंय ते बघायचं माणसानं सोडलं असं माझं मत आहे. शिवाय गावोगावी बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाक्या आल्या. दूध चार डिग्रीवर गेलं की आंबवणारे जिवाणू गप्प बसतात आणि थंडीत वाढणारे स्यूडोमोनास पुढं येतात, ते चिकटण्यात पटाईत, आणि त्यांची एन्झाइम्स पाश्चरायझेशनमधनंही वाचतात. आपल्या गंगावेशच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात तिथं या भानगडीला वेळच मिळत नाही.

खरी भीती लिस्टेरियानं घातली. फ्रिजच्या थंडीतही वाढणारा जिवाणू, 1985 मध्ये कॅलिफोर्नियात मऊ चीजमधनं आणि 2008 मध्ये कॅनडात मांसाच्या कापांमधनं लोक दगावले. कॅनडात वीसहून जास्त माणसं गेली आणि मूळ सापडलं ते कापायच्या मशीनच्या पार आत, रोजच्या धुण्यात हात पोचत नाही तिथं.

आता वनस्पतीचा धागा, तो वेगळाच चालला होता. ओव्यात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनामाल्डिहाइड, अंगणातल्या पानओव्यात कार्व्हॅक्रॉल. 1879 मध्ये अमेरिकेत लिस्टरिन हे जंतुनाशक निघालं, त्यातही थायमॉल. गंमत बघा, लिस्टरिनचं नाव ऑपरेशनमध्ये जंतुनाशक आणणाऱ्या सर्जन जोसेफ लिस्टरवरनं आणि 1940 मध्ये ठेवलेलं लिस्टेरियाचं नावही त्याच्यावरनंच. पण ही तेलं तेव्हा जिवाणू मारायची म्हणूनच बघितली जायची. जिवाणूच्या भोवतीचं आवरण फाटतं, आतला माल बाहेर गळतो, संपला विषय.

दोन्ही धागे जुळले 1990 च्या दशकात. जिवाणू रासायनिक खुणा सोडून आपण किती जण जमलोय ते ओळखतात, त्याला 1994 मध्ये कोरम सेन्सिंग हे नाव पडलं, आणि 1998 मध्ये दिसलं की स्यूडोमोनासची ही खूण बंद केली तर त्याची बायोफिल्म नीट बांधलीच जात नाही. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातल्या एका लाल शेवाळानं लोकांना चकित केलं, त्यातले फ्युरॅनोन नावाचे पदार्थ जिवाणूंची ही बोलाचालीच मोडून टाकतात. ते विषारी म्हणून खाण्याच्या धंद्यात चालत नाहीत, पण वाट दिसली. मग लोक मसाल्याच्या डब्याकडं वळले. 2006 मध्ये सिनामाल्डिहाइडवर काम आलं, जिवाणू मरणार नाहीत एवढ्या कमी मात्रेतही ते ही खूण बिघडवतं. याची एक सोपी टेस्ट लॅबमध्ये करतात, एक जिवाणू खूण मिळाली की जांभळा रंग करतो. प्लेटभर जांभळं आणि मधल्या कागदी चकतीभोवती पांढुरकं कडं, जिवाणू तिथंही वाढलेले, नुसते गप्प. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी प्लेट उजेडाकडं धरून बराच वेळ उभा होतो.

कारखान्यात खरंच वापरलेलं उदाहरण मात्र साखरेतलंच. युरोपातल्या बीट कारखान्यांनी 1990 च्या दशकात फॉर्मलिन या जंतुनाशकाच्या जागी हॉप्सची आम्लं वापरायला घेतली, बियरला कडूपणा देणाऱ्या फुलांतली. तिथं जमलं. दुधात अडतं ते असं की ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत, उडून जातात आणि दुधातलं फॅट नि प्रोटीन त्यांना धरून ठेवतं, त्यामुळं मात्रा वाढवावी लागते. म्हणून आता त्यांचे बारीक थेंब करून नॅनोइमल्शन करायचं, नाहीतर कॉस्टिक मारून झाल्यावर शेवटच्या फेरीत वापरायचं, असं काम चाललंय.

आम्हीही हौसेनं करून बघितलं होतं. स्टीलच्या तुकड्यावर थर वाढवला, लवंग तेल लावलं, थर बराच सुटला, सगळे खूश. मग तोच तुकडा दोन पाण्यानं धुऊन दुधात ठेवला आणि ते दूध टेस्टिंगवाल्या मामांना दिलं. त्यांनी घोट घेतला, थुंकला आणि म्हणाले, "दाढ दुखतीया व्हय रं म्हशीची?" पाइपाचं म्हणाल तर आम्ही गॅस्केट बदललं आणि तो जॉइंट दर आठवड्याला खोलायचा असं रजिस्टरमध्ये लिहून टाकलं.