इंग्लिश कंट्री डान्स कुठून आला, कसा संपत आला आणि परत कसा उभा राहिला

समोरासमोर दोन लांब रांगा, इकडे तुम्ही, पलीकडे तुमचा जोडीदार, आणि व्हायोलिन सुरू झालं की प्रत्येक जोडी शेजारच्या जोडीबरोबर नाचायला लागते. चाल एकदा पूर्ण वाजून झाली की पहिली जोडी एक घर खाली सरकलेली असते आणि दुसरी एक घर वर, म्हणजे आता समोर नवीन माणसं. टोकाला पोचलात की एक फेरी थांबायचं, दम घ्यायचा आणि उलट्या दिशेने परत निघायचं. रांग फार मोठी नसेल तर एका नाचात सगळ्यांचा हात हातात येऊन जातो. मला तरी या नाचातलं खरं सुख इथेच दिसतं, जोडीदार एकच पण नाचायचं सगळ्यांबरोबर, आणि याचा इतिहास बघायला गेलं तर बाकी बरंच काही बदललं पण हे सुटलं नाही.

छापील इतिहास सुरू होतो 1651 मध्ये. लंडनमध्ये जॉन प्लेफर्ड नावाचा प्रकाशक होता, इनर टेम्पल या वकिलांच्या वस्तीतल्या चर्चच्या दाराजवळ त्याचं दुकान, त्याने ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ काढलं. 105 नाच, प्रत्येकाची चाल आणि खाली थोडक्यात काय करायचं ते. आता वर्ष बघा, 1649 मध्ये राजा पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलेलं, सत्ता प्युरिटन म्हणजे कडक धर्मनिष्ठ मंडळींची, नाटकघरं बंद, आणि अशा काळात नाचाचं पुस्तक निघतं आणि इतकं चालतं की प्लेफर्ड, मग त्याचा मुलगा हेन्री, मग जॉन यंग असं करत करत 1728 च्या सुमारास अठरावी आवृत्ती येते. नावात ‘कंट्री’ असलं तरी पुस्तक घेणारे शहरातले, वकिली शिकणारी मुलं, खात्यापित्या घरातले लोक. राजेशाही परत आल्यावर दरबारातही हेच चालायचं, त्या काळी रोजनिशी लिहिणाऱ्या सॅम्युअल पीप्सने 31 डिसेंबर 1662 च्या डायरीत लिहून ठेवलंय की व्हाइटहॉलच्या राजवाड्यात राजा दुसऱ्या चार्ल्सने स्वतः फर्माईश करून पहिला कंट्री डान्स केला. सुरुवातीला गोल नाच होते, चौकोनी होते, तीन-चार जोड्यांचे होते, पण पुढच्या आवृत्त्यांमध्ये लांब रांगच जवळपास सगळी जागा घेते, कारण उघड आहे, रांगेत कितीही जण मावतात.

आणि संगीत, त्याबद्दल तर बोलायलाच हवं. एक चाल सात-आठ-दहा वेळा परत परत वाजते आणि तरी कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक वेळी तुम्ही वेगळ्या जागी वेगळ्या माणसासमोर असता आणि वाजवणारेही दरवेळी काहीतरी निराळं करतात. ‘होल इन द वॉल’ घ्या, ही चाल मुळात संगीतकार हेन्री पर्सेलने 1695 मध्ये एका नाटकासाठी केलेली, संथ, तीनच्या वजनाची, त्यात दोघं कोपऱ्यातून समोरासमोर येतात, जागा बदलतात, पाठ न दाखवता हळूच मागे सरकत दुसऱ्याच्या जागेवर जाऊन उभे राहतात, आणि तेवढ्या वेळात नजर हटत नाही. बास, एवढंच, पण सूर आणि पाऊल बरोबर एका क्षणी टेकलं की अंगावर काटा येतो. त्या काळातल्या बऱ्याच नाचांच्या नावात ‘मॅगट’ येतं, म्हणजे अळी, म्हणजेच डोक्यात आलेली लहर, आपण ‘डोक्यात किडा वळवळतोय’ म्हणतो अगदी तसंच. ‘मिस्टर बेव्हरिजेस मॅगट’ 1995 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेमुळे खूप जणांना माहीत झाला, पण तो 1695 चा, जेन ऑस्टिनच्या तरुणपणीसुद्धा शंभर वर्षं जुना!

दरम्यान हा नाच फ्रान्सला गेला, तिथे त्याचा ‘काँत्रदान्स’ झाला, त्यातून पुढे चार जोड्यांनी चौकोनात करायचा क्वाड्रिल निघाला, आणि 1815 च्या आसपास तोच क्वाड्रिल फॅशन म्हणून लंडनला परत आला. जोडीला वॉल्ट्झ. वॉल्ट्झमध्ये दोघं एकमेकांना धरून फिरतात आणि बाकीच्या हॉलशी त्यांचा काही संबंध उरत नाही. एकोणिसावं शतक अर्ध्यावर येईपर्यंत शहरात कंट्री डान्स मागे पडला, खेड्यांमध्ये तेवढा टिकून राहिला.

तो परत आणला लोकगीतं आणि लोकनाच गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने. 1899 च्या ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनला त्याने मॉरिस हा दुसरा एक जुना इंग्लिश लोकनाच नाचणारे बघितले, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) वाजवणारा विल्यम किंबर हा गवंडी, आणि शार्पला लोकनाचांचं जे वेड लागलं ते कायमचं. 1909 मध्ये खेड्यांतून गोळा केलेल्या कंट्री डान्सचं पुस्तक, 1911 मध्ये प्लेफर्डवरून बसवलेल्या नाचांचं, त्याच वर्षी या लोकनाचांसाठी संस्था. 1912 ची एक मूक फिल्म आहे, त्यात स्वतः शार्प, त्याच्या सहकारी कार्पलिस बहिणी आणि संगीतकार जॉर्ज बटरवर्थ नाचताना दिसतात. बटरवर्थ किती हलका नाचतो ते बघण्यासारखं आहे, आणि चार वर्षांनी पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत तो मारला गेला हे आठवलं की ती फिल्म बघवत नाही. शार्प 1924 मध्ये गेला, त्याच्या नावाची लंडनमधली वास्तू 1930 मध्ये उघडली आणि आजही तिथे नाच होतो.

आता एक गोष्ट, जुनं खरं कुठलं आणि खोटं कुठलं यावर वाद घालणाऱ्यांसाठी. प्लेफर्डने कितीतरी नाचांत नुसतं लिहिलंय की सगळ्यांनी ‘साइड’ करा, मग परत करा. म्हणजे काय करायचं? ते तेव्हा सगळ्यांनाच येत होतं, म्हणून त्याने समजावलंच नाही. शार्पने अंदाजाने एक वळणदार हालचाल बसवली, एकमेकांना ओलांडून जागा बदलायची आणि परत यायचं, नंतरच्या अभ्यासकांना वाटलं की फक्त पुढे जाऊन खांद्याला खांदा आणायचा आणि मागे यायचं. काही जण यावरून शार्पला नावं ठेवतात, मला ते पटत नाही, कारण त्याने अंदाज केला नसता तर ते पान वाचून कोणी पाऊलच उचललं नसतं. आज दोन्ही प्रकार चालतात, आणि नाच सुरू व्हायच्या आधी कॉलर, म्हणजे काय करायचं ते पुकारून सांगणारा, सांगतो, आज कुठलं साइडिंग करायचंय.