जंत, जंताची औषधं आणि सध्याचं ‘पॅरासाइट क्लीन्स’: थोडी पार्श्वभूमी

सध्या पॅरासाइट क्लीन्सचं, म्हणजे पोटातले जंत ‘साफ’ करण्याचं फॅड आहे ना, काळा अक्रोड, वर्मवुड (एक कडू वनस्पती) आणि लवंग यांच्या कॅप्सूल घ्यायच्या आणि मग संडासात काय पडलं त्याचे फोटो टाकायचे, त्यामागची कल्पना अजिबात नवी नाही. इजिप्तच्या एबर्स पपायरस या जुन्या वैद्यकीय ग्रंथात, म्हणजे इ.स.पू. १५५० च्या आसपास, पोटातल्या जंतांवर डाळिंबाच्या मुळाचा उपाय सांगितलाय. त्याच्याही मागे जायचं तर १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओट्झी, साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्या आतड्यात व्हिपवर्म या जंताची अंडी होती.

चरकसंहितेत कृमींचे २० प्रकार आहेत आणि उपचार तीन पायऱ्यांचा: कृमी ओढून बाहेर काढा, ते वाढणार नाहीत अशी पोटातली स्थिती करा आणि ज्या कारणाने झाले ते कारण टाळा. तिसरी पायरी मला फार भारी वाटते, कारण पुढे सगळं शेवटी तिथेच येऊन थांबलं. फक्त ते कारण नेमकं काय हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता, म्हणून गूळ, दूध, तीळ, मासे यांच्यावर ठपका गेला. गोड खाल्लं की जंत होतात हे आजही ऐकू येतं, पण जंताचं अंडं किंवा अळी शरीरात गेल्याशिवाय जंत होत नाहीत, मग तुम्ही कितीही गोड खा.

आता हे आपण सहज म्हणतो पण तेवढं कळायला १९ वं शतक अर्धं सरावं लागलं. त्याआधी मोठमोठे अभ्यासकसुद्धा धरून चालायचे की आतड्यातले जंत आतड्यातच आपोआप तयार होतात. इटलीच्या रेडीने १६६८ मध्ये मांसातल्या अळ्या त्यावर बसणाऱ्या माश्यांच्या अंड्यांतून येतात हे दाखवलं, हॉलंडच्या लेवेनहूकने १६८१ मध्ये स्वतःचेच पातळ जुलाब भिंगाखाली बघितले आणि त्यात हलणारे बारीक जीव दिसले (ते बहुधा जिआर्डिया, म्हणजे जुलाब करणारे सूक्ष्म परजीवी होते), तरी जंतांच्या बाबतीत जुनी समजूत काही सुटेना. मग कुखेनमायस्टर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५५ मध्ये फाशीच्या कैद्याला नकळत डुकराच्या मांसातल्या टेपवर्मच्या (पट्टीसारख्या जंताच्या) अळ्यांच्या गाठी खायला घातल्या आणि फाशीनंतर आतड्यात छोटे टेपवर्म शोधून काढले. आज कुठलीही एथिक्स कमिटी त्याला दारात उभं करणार नाही, पण जंत बाहेरून येतात हे सिद्ध झालं. नंतरच्यांनी निदान स्वतःवर तरी प्रयोग केले. इटलीच्या ग्रासीने राउंडवर्मची अंडी गिळली, जपानच्या कोइनोनेही १९२२ मध्ये तेच केलं आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या, म्हणजे हा जंत आतड्यात स्थिरावण्याआधी फुप्फुसातून फिरून येतो. कैरोमध्ये लूस नावाच्या जर्मन संशोधकाच्या हातावर हुकवर्मच्या अळ्यांचं पाणी चुकून सांडलं, खाज सुटली आणि काही आठवड्यांनी शौचात अंडी दिसली. तोंडातून काही न जाता जंत होऊ शकतात हे असं कळलं.

हे सगळं कळल्यावर ओळखण्याची पद्धतच बदलली. तोवर जंत डोळ्यांना दिसला तरच आहे म्हणायचे. पण हुकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो, तो बाहेर दिसतच नाही, दिसतो तो फक्त फिका पडलेला, दमलेला माणूस. १८८० च्या सुमारास आल्प्समधल्या गॉटहार्ड बोगद्याच्या कामगारांचं हेच झालं होतं. याउलट राउंडवर्मची एक मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली ती लपत नाही. पिनवर्मची गोष्ट वेगळी, तो रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालतो म्हणून खाज रात्रीची आणि शौचाच्या तपासणीत तो बऱ्याचदा सापडतच नाही, त्यासाठी १९४१ पासून गुदद्वाराशी चिकटपट्टी लावून अंडी शोधायची टेस्ट आहे, सकाळी उठल्याउठल्या, धुण्याआधी.

आणि ‘नॅचरल म्हणजे सेफ’ असं क्लीन्सवाले म्हणतात त्याबद्दल. जंताची जुनी नैसर्गिक औषधं चालायची हे खरंय, पण ती चालायची कारण ती विषारी होती. १८३० मध्ये वर्मसीड या वनस्पतीतून सँटोनिन हे औषध वेगळं काढलं, ते घेतल्यावर माणसाला सगळं पिवळं दिसायचं. मेल फर्न या नेच्याने दृष्टी जायची, चेनोपोडियम या वनस्पतीच्या तेलाने माणसं दगावली. (केमिकलवाले तरी कुठे मागे होते, १९२० च्या दशकात हुकवर्मसाठी चक्क कार्बन टेट्राक्लोराइड पाजायचे, जे यकृताची वाट लावतं.) मेबेंडाझोल, अल्बेंडाझोल ही आजची जंताची औषधं आली ती १९७० च्या दशकात, तेव्हा कुठे जंताला मारणारं पण माणसाला सहसा न छळणारं औषध हातात आलं. पपईच्या बियांवर नायजेरियात ६० मुलांवर केलेला एक अभ्यास आहे आणि निकाल चांगले होते, पण ६० मुलंच. फायबर, दही वगैरे पोटाला बरं, त्याने जंत मरत नाहीत.

क्लीन्सवाल्यांच्या फोटोतले ते लांब दोरीसारखे ‘रोप वर्म’ म्हणजे बहुतेक वेळा चिकट शेम, आतड्याचं निघालेलं अस्तर आणि त्याच कॅप्सूलबरोबर घेतलेला इसबगोल किंवा बेंटोनाइट माती. त्यांना ना डोकं असतं ना अंडी. शंका असेल तर तो तुकडा डबीत घालून लॅबमध्ये द्या आणि वेगवेगळ्या दिवशी शौचाचे तीन नमुने तपासा, कारण अंडी रोज सारखी पडत नाहीत आणि एका रिपोर्टात काही दिसलं नाही म्हणून जंत नाहीतच असं होत नाही.